पैनगंगेपलीकडून आलेली बंदूक

बोरगव्हाण, तालुका कळमनुरी
मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १८६९

ती. वन्सं यांस,

मंजुळेचं पायांवर डोकं.

बाळ्याच्या बारशाला तुमाला येता आलं न्हाई, म्हणून आहेर पाठवला असं तांड्यावरचा वसराम गाडीवान म्हणाला. नदीचा खालचा उतार धरून, करोडगिरीचा जकात-नाका चुकवून तो आला. कडब्याच्या पेंढ्या उतरवल्या तर त्यांच्या पोटातून घोंगडीत बांधलेलं लांबट गाठोडं निघालं. मला वाटलं पाळण्याच्या दांड्या असतील. थोरल्या गोदूनं गाठ सोडली अन् आत तुमच्या घरची दुनळी बंदूक.

ह्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. बाळ्याला अजून तसं उचललं न्हाई. म्हणाले, "अक्काला माझी फिकीर हाये."

मी हात लावला न्हाई. माजघरात उतरंडीच्या मागं ठेवलीये. तिच्या अंगावरून जायला नको म्हणून दोन दिवस मी माजघरात पाय टाकला न्हाई, पीठ शेजारून मागून आणलं. ह्यांना कळलं तेव्हा खूप बोलले. मग म्हणाले, अक्काला लिही, तीच तुला शिकवील. तिनंच तुला लिहायला शिकवलं, हे बी शिकवील.

म्हणून लिहायला बसले. पण मला लिहायचंय ते वेगळं हाये. वन्सं, ती परत न्या. परवान्याच्या बंदुका सुद्धा ठाण्यात जमा झाल्या, आपली तर चोरून आणलेली. ज्या घरात बंदूक हाये असं कळतं त्याच घरावर निजामाच्या लोकांची ती टोळी येते. आणिक दुसरी गोष्ट, तुमी रागावू नका. ह्यांचा राग तुमाला ठाऊक हाये. मागल्या साली ढवळ्या बैलाला मारता मारता ह्यांच्या हातातली काठी मोडली. काठी होती म्हणून बैल वाचला.

वसराम पुढच्या बाजाराला पलीकडे जाणार हाये. तुमी व्हय म्हणा, मी त्याच्याच गाडीत घालून देते.

तुमची
मंजुळा

---

उमरखेड
२७ डिसेंबर १९४७

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद.

दोन दिवस पीठ मागून खाल्लंस हे वाचून आधी हसू आलं. मग आमच्या धर्मशाळेत जाऊन आले आणि हसू गेलं.

नदीच्या या काठाला आपलं राज्य आलं, तुमच्या काठाला अजून निजामाचंच आहे. तिकडून रोज गाड्या उतरतात. धर्मशाळेत आता पाय ठेवायला जागा नाही. तिथं तुझ्या वयाची एक बाई आहे, ती कोणाला चूल पेटवू देत नाही. काडी ओढली की किंचाळते. तिच्यासमोर तिचं घर जाळलं. तिच्या घरात बंदूक नव्हती, मंजुळे.

व्यंकट माझ्या पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी त्याला कडेवर वाढवला. त्याचा राग मला सांगू नकोस. तापासारखा चढतो आणि उतरतो. गावचा पाटील आहे तो, त्याला मऊ राहून कसं भागेल?

तू लग्न होऊन आलीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस आणि पाटीला हात लावायला भीत होतीस. मी तुझं बोट धरून गिरवून घेतलं. हेही तसंच शिकायचं. पहिले आठ दिवस नुसती बघ. भांड्याकुंड्यांसारखी तीही घरातली वस्तू आहे असं डोळ्यांना कळू दे. मग व्यंकटला काडतुसं काढून द्यायला सांग आणि रिकामी पूस. खटका दाबून मधे मोड, नळीतून उजेडाकडे बघ. आत काही नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की अर्धी भीती जाईल. पुसायचं काम तू तुझ्याकडेच ठेव.

परत पाठवायची भाषा पुन्हा काढू नकोस. आमच्या यांच्या, माणिकरावांच्या, दोन बंदुकांतली एक मी त्यांच्या नकळत तुम्हाला दिली आहे. बाळ्याची दृष्ट काढ.

शकुंतला

---

बोरगव्हाण
पौष शुद्ध १०, शके १८६९

ती. वन्सं यांस,

मंजुळेचा नमस्कार.

तुमी सांगितलं तसं केलं. आठ दिवस नुसती बघितली. नवव्या दिवशी शेजारच्या दस्तगीर पिंजाऱ्याकडून मूठभर पिंजलेला कापूस मागून आणला. "कशाला पाह्यजे, वहिनी?" म्हणाला. वातीला म्हणून सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलायला जड गेलं, बाळ्याचं दुपटं त्यानं फुकट भरून दिलंय. त्या कापसानं बंदूक पुसली. नळीतून खिडकीकडे बघितलं, आभाळाचा वाटोळा तुकडा दिसला. त्यातून एक पारवा गेला. मी पुन्हा बघितलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

ह्यांना फार आनंद झाला. आता रोज सकाळी पुसायला माझ्याकडेच देतात.

पण एक सांगते, तुमी ह्यांना समजावा. संक्रांतीच्या आधी हे डोंगरकड्याच्या बाजाराला गेले होते. सोबत आपला सालगडी सोनाजी होता. कापडाच्या दुकानात कोणी तरी म्हणालं, पाटील, आता तुमच्या गावाचा नंबर लागणार. तर हे सगळ्यांच्या देखत म्हणाले, "येऊ द्या. माझ्याकडं दुनळी हाये." दुकानात कोण कोण बसलं होतं ते सोनाजीला बी ठाऊक न्हाई. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "कळलं तर बरंच हाये. भितील."

हे आता चावडीवर मोठ्यानं बोलतात. आधी बोलत न्हवते असं न्हाई, पण आता मधेच थांबून समोरच्याकडं बघत बसतात.

मंजुळा

---

उमरखेड
२७ जानेवारी १९४८

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद.

सोनाजीला तिखटमीठ लावायची सवय लहानपणापासून आहे. व्यंकट इतका भोळा नाही. तरी मी त्याला लिहिते.

तू नळीतून पारवा बघितलास हे मी दोनदा वाचलं. आता बार काढायला शीक. व्यंकट शेतावर असतो, चावडीवर असतो. लेकरं तुझ्यापाशी असतात. त्या वेळी दार वाजलं तर तू त्याला शोधत फिरणार आहेस का?

दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसव, मधे लुगड्याची घडी ठेव, नाहीतर हाड दुखवून घेशील. आवाजाची चिंता असेल तर होळीपर्यंत थांब. वसरामच्या तांड्यात होळीला डफ बडवतात, त्यात दोन बार कोणाला ऐकू येणार नाहीत. वसरामला मी सांगून ठेवलं आहे. त्याची बायको मोतीबाई तुझ्यासोबत राहील.

शकुंतला

---

बोरगव्हाण
फाल्गुन वद्य ७, शके १८६९

ती. वन्सं यांस,

मंजुळेचा नमस्कार.

बार काढला.

तांड्यात डफ चालू झाले तसं मोतीबाई मला मागच्या ओढ्यात घेऊन गेली. हे अन् वसराम आधीच तिथं होते. पल्याडच्या दरडीवर मडकी मांडली. मी बंदूक खांद्याला लावली अन् डोळे मिटले. मोतीबाई ओरडली, "बाई, डोळे उघड! मलाच मारून टाकशील." पहिला बार आभाळात गेला. मी मागं बसकण मारली. दुसऱ्या बाराला मडकं फुटलं.

खांदा काळानिळा झालाय. पण खरं सांगू का वन्सं, मला बरं वाटलं. मडकं होतं तिथं काहीच राहिलं न्हाई अन् ते मी केलं होतं. येताना डोईवरचा पदर घसरला तर मी सावरला न्हाई. घरी येऊन चुलीपुढं बसले तेव्हा सावरला.

ह्यांचे दोन्ही बार हुकले. आधी हसले, मग वाटभर एकटेच पुढं चालले. गोदूला काडतुसांची रिकामी खोकी खेळायला पाहिजे होती. मी दिली न्हाईत, मिठाच्या गाडग्यामागं ठेवलीत.

आता बंदूक भरलेलीच खुंटीला असते. हे एकदा भरून देतात, नंतर उघडून बघत न्हाईत. पुसायचं, मोडायचं, पुन्हा जागेवर अडकवायचं, सगळं मीच करते. गोदू रांगोळी काढते तिच्या बाजूला मी बंदूक पुसत बसते. तीन महिन्यांमागं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पण भीती गेली न्हाई. परवा सोनाजीला बैल आणायला उशीर झाला. हे ओसरीवर होते. खुंटीवरून बंदूक काढून त्याच्या छातीवर धरली. सोनाजीच्या हातातला कासरा गळून पडला. मग हे हसले, "गंमत केली रे." सोनाजी बी हसला. त्याचं धोतर ओलं झालं होतं.

ती भरलेली होती. सकाळी मीच पुसून ठेवली होती.

मंजुळा

---

उमरखेड
११ एप्रिल १९४८

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद.

काल पाडवा झाला. गुढी उभारताना तुझ्या फुटलेल्या मडक्याची आठवण आली. माणिकरावांना सांगितलं, "माझ्या भावजयीनं दुसऱ्या बाराला नेम धरला." बंदूक कुठून आली हे आता त्यांनाही कळलं आहे. चार दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच काडतुसांची नवी पेटी उघडून दिली. गुळाच्या ढेपेत घालून वसरामबरोबर पाठवते. ढेप कोणासमोर फोडू नकोस.

सोनाजीचं वाचलं. वाईट केलं व्यंकटनं. मी त्याला खरमरीत लिहिलं आहे. पण डोक्यावर इतकं ओझं असलेला माणूस कधी तरी अशी भलती गंमत करतो, तेही समजून घे.

तुमच्या बाजूच्या नदीकाठच्या एका वाडीतली माणसं परवा इथं आली. त्यांच्यात एकाकडेच बंदूक होती. टोळी आली तेव्हा त्यानं माळवदावरून बार काढला, एक जण पडला. मग त्यांनी ती वाडी ठेवली नाही. आली त्यांत म्हातारी माणसं जास्त आहेत, लेकरं फार थोडी. दुसरी एखादी बंदूक असती तर असं झालं नसतं.

लेकरांना घेऊन तू इकडे ये असं व्यंकटला लिहिलं आहे. तो काय म्हणतो ते कळव.

शकुंतला

---

बोरगव्हाण
ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८७०

ती. वन्सं यांस,

मंजुळेचा नमस्कार.

हे, मी, गोदू अन् बाळ्या, सगळे जिवंत आहोत. आधी हे वाचा, मग पुढचं.

मागल्या सोमवारी दुपारी टोळी आली. चाळीसेक असतील, काही घोड्यांवर. त्यांनी सोनाजीला त्याच्या झोपडीतून ओढून काढलं, त्याच्या कुडावर घासलेट टाकलं अन् आपल्या दारापुढं आणून बसवलं. त्यांच्या पुढाऱ्यानं हाक मारली, "पाटील, बंदूक नीचे डालो." आपल्या घरात हाये हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे बंदूक घेऊन माळवदावर गेले होते. मी लेकरांना कणगीच्या मागं बसवून जिन्याच्या तोंडाशी उभी होते, तिथून मला ह्यांची पाठ दिसत होती. ह्यांनी नेम धरला. चाप ओढला. बार निघाला न्हाई. दुसरा ओढला. तो बी निघाला न्हाई. खाली सगळ्यांना ते दोन आवाज ऐकू आले. टोळीतले लोक हसले. मग गावातलं बी कोणी तरी हसलं. कोण ते मला कळलं न्हाई, ह्यांना कळलं असं म्हणतात.

वर जाऊन त्यांनी ह्यांना मारलं, दोन फासळ्या मोडल्यात. बंदूक घेतली, गुळातली काडतुसं घेतली, माझे गोठ अन् एकदाणी घेतली, ज्वारीची पोती घेतली. कडब्याची गंजी पेटवून गेले. सोनाजीचं झोपडं तसंच सोडलं. गावात कोणी मेलं न्हाई.

हे भिंतीकडं तोंड करून झोपतात. तुमाला लिहितो म्हणाले, ते सोबत हाये.

मंजुळा

---

बोरगव्हाण
ज्येष्ठ शुद्ध ५

ती. अक्कास,

तुझी काडतुसं फुसकी निघाली. दोन्ही. सगळ्या गावासमोर. आपल्या घराण्यात अशी गोष्ट कोणाची झाली नाही. तू मला बंदूक पाठवली नसतीस तर मी काठी घेऊन मेलो असतो, बरं झालं असतं.

खबर कोणी दिली ते मला माहीत आहे. शेजारचा पिंजारी. त्यांच्याच जातीचा आहे, आणि मंजुळा त्याच्याकडून कापूस आणत होती त्यावरून त्यानं ताडलं. त्या दिवशी हसला तोही तोच. माझे दिवस येतील.

दाजींची दुसरी बंदूक मला पाहिजे. या वेळी पारखून पाठव.

व्यंकटराव

---

उमरखेड
३० जून १९४८

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद.

तुम्ही सगळे जिवंत आहात हे वाचून देवापुढे दिवा लावला. मग व्यंकटची चिठ्ठी वाचली. माझ्या भावानं मला आजवर असं कधी लिहिलं नव्हतं.

मी माणिकरावांना घेऊन रानात गेले. त्याच पेटीतली काडतुसं काढली. एकूण एक पेटली. मग बोरगव्हाणलाच काय झालं? ओल लागली का? कणगीत ठेवली होतीस का? तूच पुसत होतीस, तूच मोडून बघत होतीस. तुला काहीच वेगळं दिसलं नाही?

तुला दोष देत नाही. पण मला सांग. माझ्या हातानं त्याची अब्रू गेली असं मनात घेऊन मला जेवण जात नाही. दुसऱ्या बंदुकीचं मी अजून काही ठरवलं नाही. नदीला पाणी आलं आहे, आता वसराम कधी उतरतो बघू.

शकुंतला

---

बोरगव्हाण
नागपंचमी, शके १८७०

ती. वन्सं यांस,

मंजुळेचा नमस्कार.

नदी दोन्ही थड्या भरून चालली हाये. हे पत्र तुमाला कधी मिळेल सांगता येत न्हाई. पण लिहून ठेवते, वसरामला उतार मिळाला की देते.

तुमची काडतुसं चांगली होती. ती बंदुकीत न्हवती.

सोनाजीच्या छातीवर ह्यांनी नळी धरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुसताना मी भरलेली काढून घेतली अन् होळीची रिकामी खोकी आत बसवली, तेव्हापासून रोज पुसून तीच परत घालत होते. मोडून बघितली तरी पितळच दिसतं. हे बघतच न्हवते. मला वाटलं, आज ना उद्या रागाच्या भरात हे कोणाला तरी मारतील. सोनाजीला, वसरामला, मला. खरी काडतुसं मी उतरंडीतल्या मडक्यात ठेवत होते. वेळ आली तर मीच घालीन असं मनाला सांगत होते.

अन् वेळ आली. हे बंदूक घेऊन जिना चढले तेव्हा दोन काडतुसं माझ्या मुठीत होती. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते ती त्यासाठी. हाक मारली असती तर ह्यांनी ऐकलं असतं. त्या वेळी तुमचं पाडव्याचं पत्र आठवलं, त्या वाडीचं. एक जण पडला अन् मग वाडी ठेवली न्हाई. खाली सोनाजी बसला होता, त्याच्या कुडाला घासलेटाचा वास येत होता, माझी लेकरं कणगीमागं होती. मी मूठ उघडली न्हाई.

ह्यांनी चाप ओढला तेव्हा मला ठाऊक होतं की आवाज होणार न्हाई. ह्यांना ठाऊक न्हवतं. ह्यांची पाठ कशी झाली ते मी बघितलं.

मी चुकले का ते मला विचारू नका. गाव हाये. हे आहेत. पण हे रोज दस्तगीरच्या घराकडं बघत बसतात. खबर त्यानं दिली न्हाई. ती डोंगरकड्याच्या दुकानातूनच गेली. ह्यांना सांगायला तोंड उघडते अन् पुन्हा मिटते. सांगितलं तर काय करतील याची भीती वाटते, न सांगितलं तर त्या पिंजाऱ्याचं काय करतील याची वाटते.

दुसरी बंदूक पाठवू नका. तुमच्या पाया पडते.

मंजुळा

---

उमरखेड
२५ सप्टेंबर १९४८

चि. सौ. मंजुळेस,

तुझं नागपंचमीचं पत्र काल हातात पडलं. हे उत्तर देऊन वसरामला पळवते आहे.

बंदूक गेली. चार दिवसांपूर्वी शंकरसिंग गाडीवान तिकडे निघाला, त्याच्याजवळ दिली. लष्कर आलं, निजामानं हात टेकले, इथं लोकांनी गुलाल उधळला. मला वाटलं आता भीती नाही, आता निदान त्याची मान तरी वर होऊ दे. सोबत चिठ्ठी लिहिली की काडतुसं मी स्वतः पारखली आहेत. देवा, मी असंच लिहिलं.

तू जिन्यात उभी होतीस. तुझ्या जागी मी असते तर हाक मारली असती. मग माझ्या भावाचं आणि तुम्हा सगळ्यांचं काय झालं असतं ते या धर्मशाळेत मला रोज दिसतं.

एक मात्र ऐक. काडतुसांचं त्याला कधीही सांगू नकोस. मी फुसकी पाठवली असंच राहू दे. माझ्यावर राग धरून तो जगेल. तुझ्यावर धरला तर काय करील, मला सांगवत नाही. बंदूक मिळेल तशी लपव.

शकुंतला

---

बोरगव्हाण
भाद्रपद अमावास्या, शके १८७०

ती. वन्सं यांस,

मंजुळेचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी सगळं होऊन गेलं होतं. माझा जबडा सुजलाय, बोलता येत न्हाई, लिहिता येतं. म्हणून सगळंच लिहिते.

शंकरसिंगनं बंदूक चावडीवरच ह्यांच्या हातात दिली. हे घरी आलेच न्हाईत. तिथंच भरली. आसपासच्या गावांतून रोज काही ना काही कानावर येऊन राहिलं होतं, कोणाचं घर फोडलं, कोणाला विहिरीत टाकलं. आता पाळी दस्तगीरच्या लोकांची होती, इतकंच. चावडीवरची माणसं ह्यांच्या मागं निघाली. सोनाजी धावत आला, "पाटलीणबाई, पिंजाऱ्याकडं गेले." मी बाळ्याला गोदूच्या मांडीवर टाकलं अन् पळाले.

दस्तगीर दारात बसून गादी टाचत होता. हे समोर उभे. तो सुई हातात तशीच धरून म्हणत होता, "पाटील, अल्ला कसम, म्या कोणाला काय बी सांगितलं न्हाई. तुमच्या लेकराची दुपटी म्या भरली." त्याची बायको चांदबी आतल्या चौकटीला धरून उभी होती. तिला नववा लागलाय.

मी म्हणाले, "खबर त्यानं न्हाई दिली. तुमीच दिली. डोंगरकड्याच्या बाजारात."

ह्यांनी वळून बघितलं न्हाई. "घरी जा," म्हणाले अन् नळी वर केली.

मग मी ते बोलले. मोठ्यानं बोलले, सगळ्यांनी ऐकलं. "अक्काची काडतुसं फुसकी न्हवती. मी काढून घेतली होती. रोज रिकामी खोकी घालत होते."

आता वळले. आधी त्यांना कळलंच न्हाई, लहान पोरावानी बघून राहिले. मग कळलं. बंदूक माझ्याकडं झाली. मी नळी हातानं धरली. ती कशी असते, किती थंड असते, मला पाठ होतं. मी म्हणाले, "ओढा. आज काडतुसं खरी हायेत." वन्सं, त्या वेळी मला वाटलं, ओढतील. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं. ह्यांनी चाप ओढला न्हाई. बंदूक हिसकून फिरवली अन् दस्ता माझ्या तोंडावर मारला.

मी पडले. ह्यांच्या हातून बंदूक सुटून माझ्याच अंगावर पडली. मागची माणसं नुसती बघत होती. चांदबीनं वाकता येत नसताना मला काखेत धरून आत ओढलं, बंदुकीसकट. दस्तगीरनं कडी लावली. बाहेरून हे एकदा ओरडले, "मंजुळे!" तेवढंच. मग गेले. तेव्हापासून शेतावरच्या खोपटात असतात. सोनाजी भाकरी नेऊन देतो. खातात म्हणतो.

मी अजून पिंजाऱ्याच्याच घरी हाये. आत आल्यावर बंदूक मोडून बघितली. दोन्ही काडतुसं खरी होती. तशीच ठेवली. दिवसभर दारात बसते, मांडीवर ठेवून. चावडीवरची माणसं येतात, लांबून बघतात, जातात. काल माणसं जास्त होती. एक जण म्हणाला, "बाई, तू पाटलाची बायको ना?" मी बोलले न्हाई, बोलताच येत न्हाई. नळी थोडी वर केली. ते गेले. ते पुढं आले असते तर मी ओढला असता का, ते मला ठाऊक न्हाई. त्यांना बी ठाऊक न्हाई.

चांदबी बाळंत होईपर्यंत इथंच राहीन. तिला गाडीत घालून हिंगोलीला नेता येईल असं झालं की दस्तगीर गाव सोडणार हाये. पुढचं मी ठरवलं न्हाई.

तुमचा भाऊ तुमी वाढवला. येऊन त्याला भेटा. तो तुमचं ऐकेल. माझ्याकडं बंदूक मागायला मात्र येऊ नका, मी देणार न्हाई.

गोदू अन् बाळ्या वसराम अन् मोतीबाईसोबत तुमच्याकडं येऊन राहिलेत. गोदूनं त्या दिवशीचं सगळं आपल्या दारातून पाहिलंय, तिला काही विचारू नका, आपण होऊन बोलेल तेव्हा बोलेल. बाळ्याला वरचं दूध चालतं. झोपताना पाठीवर कोणाचा तरी हात लागतो, न्हाईतर दचकून उठतो. तेवढा हात ठेवा.

मंजुळा